बाहूतील तीस अस्थी

आपल्या मराठीत एका वस्तूला दोन शब्द आहेत. माणूस जिवंत आहे तोवर ते हाड; माणूस गेला की त्याच अस्थी. हाडाचा शिक्षक, हाडीमाशी खिळलेली सवय, पोरांसाठी केलेली हाडांची काडे, असे आपण बोलतो तेव्हा राबणारा, चालताबोलता मनुष्य डोळ्यांपुढे असतो. अस्थी मात्र तिसऱ्या दिवशी गोळा करावयाच्या, मडक्यात बांधावयाच्या आणि नदीला द्यावयाच्या. कन्हानच्या काठी राहणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. हा शब्दभेद साधा दिसतो. परंतु एका मोठ्या इतिहासाचे बीज त्यात आहे असे आम्हांस वाटते. जिवंत हाड मांसाखाली झाकलेले, म्हणून दिसत नाही. मेलेले हाड विटाळाचे, म्हणून पाहावयाचे नाही. अशी जेथे रीत, तेथे हाडांचे ज्ञान यावे कोठून? तरीही ते आले. ते कसे आले, मध्येच कसे अडले आणि पुन्हा कसे वाहू लागले, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत. आणि तेही एका बाहूपुरते. सबंध शरीराचा प्रपंच मांडला तर एक वसंत पुरणार नाही.

प्रथम तो बाहू नीट पाहून घेऊ. प्रत्येकाने आपला डावा हात पुढे करावा आणि उजव्या हाताने चाचपावा. याला पोथी लागत नाही. गळ्याच्या खळगीपासून खांद्याकडे बोट नेले की कातडीखाली एक आडवी काठी लागते. तिला शास्त्रकार अक्षक म्हणतात. पाठीमागे जो त्रिकोणी खवाटा हलतो, तो अंसफलक. खांद्यापासून कोपरापर्यंत दंडाचे एकच जाड हाड आहे. कोपरापासून मनगटापर्यंत मात्र दोन आहेत, आणि हाताची सारी करामत त्या दोहोंत आहे. तळहात उताणा धरला की ती दोन्ही शेजारी शेजारी, समांतर राहतात. तळहात पालथा केला की अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावरून आडवे जाते. पीठ मागणारा हात आणि पीठ घालणारा हात यांतले अंतर शरीरशास्त्राच्या दृष्टीने एवढेच, की एकात ही दोन हाडे समांतर असतात आणि दुसऱ्यात ती एकमेकांना छेदतात. कुलपाची किल्ली फिरते ती याच सोयीमुळे, आणि स्क्रू पिळला जातो तोही याच सोयीमुळे.

पुढे मनगट. तेथे नदीकाठच्या खड्यांसारखी आठ लहान हाडे दोन ओळींत, चिवट बंधांनी एकमेकांना जखडलेली आहेत. तळहातात पाच. बोटांत चौदा, कारण चार बोटांना तीन तीन पेरी आणि अंगठ्याला दोनच. आता बेरीज करू. दंडाचे १, त्याखालची २, मनगटाची ८, तळहाताची ५, बोटांची १४. एकूण ३०. खांद्याची दोन मिळविली तर ३२, आणि दोन्ही बाजू धरल्या तर ६४. प्रौढ माणसाच्या शरीरात सामान्यतः २०६ हाडे मोजतात. त्यांपैकी मनगट धरून दोन्ही पंजांतच ५४, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक, खर्ची पडली आहेत. निसर्गाने हातावर एवढा खर्च का केला असेल, हे ज्यांचे पोट हातावर आहे त्यांना समजावून द्यावयास नको.

आता सुश्रुतसंहितेकडे वळू. तिच्या शारीरस्थानात अस्थींची मोजदाद आहे. वेद जाणणारे अस्थी ३६० मानतात, परंतु शल्यतंत्रात ३०० च आहेत, असा तेथील सांगण्याचा मथितार्थ. हातापायांत मिळून १२०, धडात ११७, मानेच्या वर ६३. चार अवयवांत १२० म्हणजे प्रत्येकात ३०. खांद्याचे अंसफलक सुश्रुताने धडात मोजले आहेत. ते बाजूला ठेवले तर बाहूच्या अस्थी तीसच उरतात, आणि आपणही आता हात चाचपून तीसच मोजल्या!

हा आकडा ऐकून टाळी वाजविण्याचा मोह होतो. आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, हे वाक्य आपल्याकडे सभेत नेहमी खपते. परंतु बेरीज जुळली म्हणजे हिशेब जुळला असे होत नाही, हे कोणताही दुकानदार सांगेल. दोन वह्यांच्या अखेरच्या रकमा सारख्या असल्या तरी खाती निराळी असू शकतात. म्हणून सुश्रुताची खाती उघडून पाहिली पाहिजेत.

तो प्रथम पायाची गणना देतो. पाच बोटांत प्रत्येकी तीन, म्हणजे १५. तळवा, त्याचा मागचा भाग आणि घोटा मिळून १०. टाचेत १. पिंढरीत २. गुडघ्यात १. मांडीत १. एकूण ३०. आणि मग तो सांगतो की, दुसरा पाय व दोन्ही बाहू याच प्रकारे समजावेत. येथे खरी गोम आहे. बाहूची गणना त्याने वेगळी दिलेलीच नाही. पायाची गणना हातावर ठेवून दिली आहे. मांडीच्या जागी दंड, पिंढरीच्या जागी कोपराखालची दोन हाडे, हे बरोबर बसते. पण टाचेच्या जागी काय? हाताला टाच नाही. हिशेबात मात्र ती आहे.

म्हणून सुश्रुताच्या तीस आणि आजच्या तीस यांचा मेळ हा बेरजेचा योगायोग आहे. बोटांची त्याची १५, आजची १४. मनगट आणि तळहात मिळून त्याची १०, आजची १३. कोपराला त्याने गुडघ्यासारखे एक वेगळे हाड दिले, आज ते वेगळे मानीत नाहीत. आणि टाचेचे एक तर मुळातच नाही. एकीकडे तीन कमी, दुसरीकडे तीन जास्त, म्हणून अखेरचा आकडा सारखा.

पण एवढ्यावरून सुश्रुताला हसणारा मनुष्यही टाळी वाजविणाऱ्याइतकाच उतावळा म्हणावा लागेल. अंगठ्याचेच पाहा. अंगठ्याला तळहातातले एक हाड आणि दोन पेरी असे आज मानतात. परंतु वाढत्या वयात तळहातातल्या इतर चार हाडांची वाढ बोटांकडील टोकाशी होते, आणि अंगठ्याच्या हाडाची मात्र पेरांप्रमाणे मनगटाकडील टोकाशी होते. ते हाड तळहाताचे म्हणावे की बोटाचे, याविषयी खुद्द हाडच साक्ष फिरवते! रोमचा प्रख्यात वैद्य गेलन यानेही ते बोटातच मोजले होते. कोपराचीही अशीच गोष्ट. कोपराचे टोक हे करंगळीच्या बाजूच्या हाडाचाच भाग असले, तरी वाढत्या मुलात तेथे काही वर्षे एक वेगळा तुकडा असतो आणि तरुणपणी तो सांधला जातो. ज्याने कोवळ्या वयाचा देह पाहिला त्याला तेथे वेगळे हाड दिसणे अशक्य नव्हते. तेव्हा १५ आणि कोपराचे १ या पाहणाऱ्याच्या चुका असू शकतील. टाच ही मात्र न पाहिल्याची चूक आहे. चरकाच्या यादीत एकंदर ३६० अस्थी आहेत, दात आणि नखेही त्यांत धरली आहेत. पण टाचेची हाडे तिच्यात दोनच, आणि तीही पायांची.

येथे सुश्रुताची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण तीच त्याची खरी थोरवी होय. शतपथ ब्राह्मणात ३६० अस्थींचे नाते वर्षाच्या दिवसरात्रींशी जोडलेले आहे. ही संख्या पवित्र होती, वर्षाशी आणि यज्ञवेदीशी बांधलेली होती. तिच्यासमोर उभे राहून, शस्त्र चालविणाऱ्यांच्या शास्त्रात तीनशेच आहेत, असे म्हणावयास धैर्य लागते. ते धैर्य पाहण्यातून आले होते. देह कसा पाहावा याचा विधीच संहितेत आहे. विषाने न मेलेल्या, दीर्घ रोगाने न झिजलेल्या, शंभरी न गाठलेल्या माणसाचा अव्यंग देह घ्यावा. आतडी साफ करावीत. मुंज गवतासारख्या वेष्टनात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या नदीत आडबाजूला ठेवावा. सात रात्रींनी तो नीट कुजला की बाहेर काढून वाळा, केस, वेळू यांच्या कुंच्याने हळूहळू घासावा, आणि त्वचेपासून आरंभ करून आतबाहेरचे एकेक अंग डोळ्यांनी पाहावे. डोळ्यांनी पाहिलेले आणि शास्त्रात वाचलेले यांचा मेळ घातल्याने ज्ञान वाढते, असा त्याचा अभिप्राय आहे. आमचा तर्क असा की, मनगटाचे आठ खडे मोजण्यात जो घोटाळा झाला तो याच पद्धतीमुळे असावा. बंधांनी जखडलेले ते लहान तुकडे कुंच्याने एकेक सुटे करणे सोपे नव्हे. तरी नदीचे पाणी आणि गवताचा कुंचा एवढ्या साधनांवर त्या लोकांनी जे पाहिले, ते पाहण्याची हिंमत पुढे हजार वर्षे फार थोड्यांनी केली.

आणि हे पाहणे नुसते मोजण्यासाठी नव्हते. मोडलेल्या हाडाला मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली किंवा बांबूच्या कांबी बांधाव्यात, खांदा निखळला तर काखेत मुसळ घालून वर उचलावा, असे उपचार संहितेत आहेत. पंजा दुखावला असेल तर बरे होताना आधी मातीचा गोळा हातात धरावा, मग मिठाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड, हा क्रमही दिला आहे. आजच्या इस्पितळात रोग्याला रबरी चेंडू दाबावयास देतात, त्याच्या मागे हाच विचार आहे. आमच्या भागातल्या हाडवैद्यांनी कांबीची विद्या पिढ्यान्‌पिढ्या राखली. हात शिल्लक राहिले. डोळे मात्र मिटले.

आपल्या परिसरापुरती एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. सुश्रुतसंहितेचा टीकाकार डल्हण हा तिचा प्रतिसंस्कर्ता, म्हणजे जुना ग्रंथ नव्याने सिद्ध करणारा, म्हणून नागार्जुनाचे नाव घेतो. कन्हानहून रेल्वेचा फाटा जेथे जाऊन थांबतो त्या रामटेकजवळ नागार्जुनाची टेकडी दाखवितात. दोन्ही एकत्र करून, सुश्रुत आमच्याच तालुक्यात शुद्ध झाला, असे म्हणणे गोड आहे. पण नागार्जुन हे नाव धारण करणारे आपल्या इतिहासात अनेक झाले, आणि नावाच्या साम्यावरून मनुष्य एक ठरत नाही. तीस अस्थींनी शिकविलेला धडा येथेही लावला पाहिजे.

पुढे काय झाले? प्रेतस्पर्शाचा विटाळ बळावला, शल्यकर्म वैद्याच्या हातून सुटले, आणि ग्रंथ नकलून घेण्यात विद्या सामावली. जो ग्रंथ पाहावयास सांगत होता, तोच न पाहता पाठ करण्यात आला. नकला करणाऱ्यांच्या हातून पाठांत फेरफारही झाले. डॉ. रुडॉल्फ हर्न्ले या पंडिताने १९०७ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या अस्थिगणना शेजारी शेजारी मांडून हे फेरफार तपासले आहेत. हाताची टाच मात्र शतकानुशतके पोथीत राहिली. आपला स्वतःचा हात उलटून पाहिला असता तर कोणत्याही विद्यार्थ्याला ती शंका आली असती.

हा रोग एकट्या हिंदुस्थानचा नव्हता. गेलनच्या काळी रोममध्ये मनुष्यदेह फाडण्यास बंदी होती, म्हणून त्याने माकडे आणि इतर जनावरे चिरली आणि त्यावरून माणसाचे वर्णन लिहिले. ते वर्णन युरोपने सुमारे तेराशे वर्षे प्रमाण मानले. विद्यापीठात आचार्य उच्चासनावर बसून गेलनची पोथी वाचीत, खाली कोणी न्हावी देह चिरी, आणि पोथी व देह यांत फरक दिसला तर चूक देहाची ठरे! १५४३ साली आंद्रेआस व्हेसालियस याने हे आसन सोडले. स्वतः शस्त्र हाती धरून त्याने पाहिले, आणि गेलनने दोन हाडांचा सांगितलेला खालचा जबडा एकाच हाडाचा आहे, अशा अनेक गोष्टी दाखवून दिल्या. त्याच्या महाग्रंथात त्याचे स्वतःचे चित्र आहे. त्या चित्रात तो पोथी धरून बसलेला नाही. एका मनुष्याचा सोललेला बाहू हाती धरून बोटांकडे जाणारे स्नायू दाखवीत उभा आहे. नव्या शरीरशास्त्राने आपली निशाणी म्हणून बाहूच निवडला, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या देशात हा दिवस १८३६ साली उगवला. कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज १८३५ मध्ये निघाले होते. तेथे पंडित मधुसूदन गुप्त यांनी मृतदेहावर शस्त्र चालविले, आणि शतकांचा निषेध मोडला. हे गुप्त कोण? वैद्यकुळातले, संस्कृत कॉलेजात वैद्यक शिकविणारे. आणि ज्या गोष्टीची आठवण फार थोडे लोक ठेवतात ती अशी की, सुश्रुतसंहितेची जी छापील आवृत्ती १८३५-३६ मध्ये कलकत्त्यास निघाली, तिचे संपादकही हेच मधुसूदन गुप्त होत. एकाच मनुष्याने, जवळजवळ एकाच वर्षात, सुश्रुत छापून काढला आणि सुश्रुताची आज्ञाही पाळली. परंपरेचा अभिमान कसा बाळगावा याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पोथी मस्तकी धरणारे हजारो होते. तिने सांगितले ते करणारा हा एक निघाला.

त्यानंतर मुंबईस १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले; नागपुरास इंग्रजी अमदानीत रॉबर्टसन मेडिकल स्कूल आणि १९४७ साली मेडिकल कॉलेज. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कविराज गणनाथ सेन यांनी नवे शरीरशास्त्र संस्कृतात लिहिले, आणि ग्रंथाला नाव दिले 'प्रत्यक्षशारीरम्'. दंडाच्या हाडाला प्रगंडास्थी, त्याखालच्या दोहोंना बहिःप्रकोष्ठास्थी व अंतःप्रकोष्ठास्थी, हे शब्द त्या ग्रंथामुळे आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी बसले. नाव जुने, पाहणे नवे. आणि हाताची टाच अखेर गळाली.

तरीही एक अडचण उरली होती. पाहावयाचे ते मेलेल्याचे. जिवंताचे हाड कसे दिसावे? २२ डिसेंबर १८९५ रोजी जर्मनीत व्युर्झबुर्ग येथे प्राध्यापक रंटगेन यांनी आपल्या पत्नीचा पंजा काचेच्या पट्टीवर ठेवावयास लावून नव्या किरणांनी त्याचे चित्र घेतले. पेरी, तळहाताची हाडे आणि बोटातली अंगठी त्या चित्रात उमटली. जिवंत माणसाचे हाड माणसाने न चिरता पाहिले ते असे, आणि तेही हाताचेच पाहिले. हाड आणि अस्थी यांतली भिंत त्या दिवशी कोसळली.

या चित्रांनी एक गोष्ट उघड केली, ती आपल्या गावासारख्या गावाच्या जिव्हाळ्याची आहे. मूल जन्मते तेव्हा मनगटाची आठही हाडे बहुधा कूर्चेचीच असतात, चित्रात ती उमटत नाहीत. पुढे ती ठराविक क्रमाने टणक होत जातात. पहिली दोन पहिल्याच वर्षात दिसू लागतात, शेवटचे वाटाण्याएवढे हाड नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास. म्हणजे मनगट हे वयाचे एक घड्याळ आहे. या घड्याळाची गरज कोणाला? ज्या मुलाच्या जन्माची नोंद कोणी केलेली नाही त्याला. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घेण्यास मनाई केली, १८९१ च्या कायद्याने ती मर्यादा नऊवर नेली. पण मूल सात वर्षांचे की सहा, नऊचे की आठ, हे दात आणि अंगलट पाहून ठरवावयाचे. गरजू बापाने आणि घाईतल्या मुकादमाने वय वाढवून सांगितले तर त्या पोराची साक्ष कोण देणार? त्याचे मनगट देऊ शकले असते. पण ते वाचण्याची विद्या अजून जन्मली नव्हती.

आज ती आहे, आणि तिचा दुरुपयोगही होऊ शकतो, म्हणून तिची मर्यादा ध्यानात ठेवावी. मनगट पाहून वय ठरविण्याची जी कोष्टके जगभर चालली ती अमेरिकेतल्या सुस्थित घरांच्या मुलांवरून केलेली. अर्धपोटी वाढलेल्या मुलाचे हाड मागे राहते. १९८२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, अशा चित्रावरून काढलेल्या वयात दोन वर्षांचा फरक इकडे किंवा तिकडे असू शकतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याने तर क्रमच लावून दिला: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेची वा ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तेव्हाच हाडाची परीक्षा. तीस अस्थींच्या आकड्याने आपल्याला जे शिकविले तेच येथे कायदा सांगतो. आकडा मिळाला म्हणजे सत्य मिळाले असे नव्हे. तो कसा मिळाला हे विचारले पाहिजे.

हाडावरून वय कळते, तसे प्राचीन माणसाचे वर्तमानही कळते. आपल्या परिसरात याचे क्षेत्र पसरलेले आहे. कामठीपासून मैलभरावर वारेगाव येथे दगडांच्या वर्तुळांतले एक मोठे दफन पिअर्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने खणले, आणि त्याची हकीकत १८६९ मध्ये लंडनच्या एथ्नॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आली. पुढे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि पेंच नदीवरचे नैकुंड येथील स्थळे शास्त्रशुद्ध रीतीने उकरली. लोखंडाची कुऱ्हाड, घोड्याचा साज, तांब्याची कांकणे मिळाली. पण या वर्तुळांतली माणसांची हाडे बहुधा तुटकीमुटकी. कांकण टिकले, मनगट विरून गेले. म्हणून जे मिळेल ते जाणत्या डोळ्यांनी पाहणे अगत्याचे. १९४४-४५ मध्ये गुजरातेत लांघणज येथे डॉ. सांकलियांच्या उत्खननात अश्मयुगीन सांगाडे निघाले, तेव्हा त्यांचा पहिला अहवाल डॉ. इरावती कर्वे यांनी एकटीने लिहिला नाही. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातले शरीरशास्त्रज्ञ डॉ. कुरुळकर यांना सोबत घेतले.

कन्हान ज्या सातपुड्यात उगम पावते त्याच्या पलीकडे नर्मदा वाहते. तेथे हथनोरा गावी १९८२ च्या डिसेंबरात भूविज्ञान सर्वेक्षण खात्याचे अरुण सोनकिया यांना अतिप्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. त्याच ठिकाणी पुढे मानवविज्ञान सर्वेक्षणाचे अनेकराम सांख्यान यांना एक लहानसे हाड मिळाले. १९९७ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ते हाड बाहूच्या मुळाचे, अक्षक. आजच्या प्रौढाच्या मानाने ते बरेच आखूड, त्यावरून तो मनुष्य ठेंगणा असावा असे त्यांनी अनुमान केले. अक्षकाची एक नवलाई अशी की, गर्भात सर्वांत आधी टणक होऊ लागणारे हाड तेच, आणि त्याचे छातीकडील टोक सांधले जाते ते मात्र पंचविशीच्या आसपास, सर्वांच्या शेवटी. मनुष्याच्या घडणीचा आरंभ आणि शेवट ज्या हाडात आहे, तेच नर्मदेने लक्षावधी वर्षे वाळूत जपून ठेवले.

अखेरीस एक प्रश्न, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ज्या अस्थींवर हे सारे शिकले गेले त्या कोणाच्या होत्या? १९८५ साली आपल्या सरकारने बंदी घालीपर्यंत कलकत्ता ही मानवी सांगाड्यांच्या निर्यातीची मोठी पेठ होती. परदेशांतल्या हजारो विद्यार्थ्यांनी मनगटाचे आठ खडे ओळखावयास शिकले ते आपल्याकडील गोरगरिबांच्या हातांवर. ज्यांच्या अस्थींना नदी मिळाली नाही त्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. मुंबई राज्याचा शरीरशास्त्रविषयक कायदा १९४९ साली झाला, आणि बेवारस देह वैद्यकीय शिक्षणसंस्थांना देण्याची व्यवस्था झाली. तोही गरिबाचाच देह. ज्याला वारस नाही, त्याच्यावर साऱ्या समाजाने विद्या करावी, आणि वारस असलेल्यांनी विटाळ पाळावा, ही वाटणी न्यायाची म्हणवत नाही.

याला उपाय एकच, आणि तो देहदानाचा आहे. मरणानंतर आपला देह शिक्षणासाठी द्यावा असे लिहून ठेवणारी माणसे आज आपल्या जिल्ह्यातही आहेत, आणि त्यांच्या घरच्यांना अस्थिविसर्जनाच्या विधीला मुकावे लागते, हे दुःख लहान नाही. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, सुश्रुतानेही देह नदीच्याच हवाली केला होता. फरक इतकाच की, सात रात्रींनी शिष्य काठावर परत येत आणि पाहत. ज्याचा हात मोडला आहे असा खाणीतला मजूर उद्या मेयोत किंवा मेडिकलमध्ये जाईल, तेव्हा त्याचे हाड जुळविणाऱ्या तरुण डॉक्टरने मनगटाची आठ हाडे कोणाच्या तरी हातावर मोजलेली असली पाहिजेत. तो हात चोरीचा नसावा, बेवारसाचा नसावा, कोणी आपखुषीने पुढे केलेला असावा, एवढेच मागणे मागून आम्ही हे विवेचन पुरे करतो.